साच्याची वजनं

टोचनच्या धंद्यात गाडी नुसती नवी असून भागत नाही, हे दमयंतीला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. बंद पडलेल्या गाडीला साखळी लावून दुसऱ्या गाडीने ओढून न्यायचं, याला मुंबईत टोचन म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. चिंचपोकळीच्या नाक्यावर तिने एक टॅक्सी साखळीला लावली, नव्याकोऱ्या डिझेल पिकअपचा ॲक्सिलरेटर दाबला; तर मागची चाकं जागच्या जागी फिरली, साखळीला हिसका बसला आणि क्लचचा जळका वास थेट पानवाल्याच्या गादीपर्यंत गेला.

"ताई, गाडी ओढताय का भाजताय?" पानवाला म्हणाला. नाका खो खो हसला.

दमयंती हसली नाही आणि चिडलीही नाही. खाली उतरून तिने साखळी सोडली आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणून टॅक्सीवाल्याला सांगितलं. दादरच्या ग्रंथालयात ती अर्धा दिवस नोकरी करायची आणि आयुष्यभर जे हाताला लागेल ते वाचत आली होती. गाडीबरोबर आलेलं पुस्तकही तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. इंजिनात ताकद भरपूर होती. ती साखळीपर्यंत का पोचत नव्हती, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

सांगू शकला असता तो तिचा बाप. आणि तो गाडी दारात यायच्या आधीच गेला.

धर्मा साचेवाला होता, म्हणजे गिरणीच्या साचेखात्यात माग चालवायचा. मागाला गिरणगावात साचाच म्हणत. ब्याऐंशीच्या संपात गिरणीचा दरवाजा बंद झाला तो त्याच्यासाठी कायमचाच. शेजारचे कोण गावी गेले, कोण वॉचमन झाले. धर्माने भंगारातली एक जीप उभी केली आणि टोचन सुरू केलं. दमयंती कॉलेजात होती तेव्हाच त्याने तिला जीपच्या स्टिअरिंगवर बसवलं, कारण त्याला स्वतःला मागच्या, बंद गाडीत बसायचं असे.

"पुढचो नुसतो ओढता गो," तो म्हणायचा. "गाडी घेऊन येता तो मागचो."

मागे बसून तो ब्रेकवर पाय असा अलगद ठेवायचा की साखळी कधी सैल पडत नसे. सैल पडली की पुढच्या क्षणी हिसका, आणि हिसक्याने साखळी तुटते. साच्यावरचा ताण्याचा, म्हणजे उभा धागाही ताणाने तुटत नाही, हिसक्यानेच तुटतो, हे त्याला हातांनी माहीत होतं. निघण्याआधी तो साखळीच्या मागच्या आकड्याचं तोंड पांढऱ्या सुताने बांधायचा, उडून निघू नये म्हणून. गाठ साचेवाल्याची, चपटी, ज्वारीच्या दाण्याएवढी. सुताचं उरलेलं टोक तो दाताने तोडायचा. "कात्री नाय घरात?" म्हणून आई, रखमा, ओरडायची. पण गिरणीची सवय. ती गाठ त्याने दमयंतीला कितीदा शिकवली, पण तिला कधी आली नाही.

नवी पिकअप त्याने बुक केली होती ती एका कामासाठी. गिरणीच्या आवारात गिरणीचा स्वतःचा आगीचा बंब होता. लाल, पितळी घंटेचा. साचेखात्याला एकदा आग लागली तेव्हा धर्मा त्या बंबावर होता आणि त्यांनी खातं वाचवलं होतं. संपानंतर गेटच्या फटीतून दिसणारा तो बंब गंजत गेला. आता गिरणीची जमीन विकली गेली होती. कामगारांच्या समितीने खेटे घालून बंब मागून घेतला. लालबागच्या खिमजी चाळीच्या पटांगणात तो उभा करायचा होता. मालकांच्या ऑफिसने एक दिवस दिला होता. त्या संध्याकाळपर्यंत बंब बाहेर निघाला नाही, तर दुसऱ्या दिवशी बाकीच्या लोखंडाबरोबर तोही भंगारात.

"क्रेन नको," धर्मा समितीला म्हणाला होता. "आमची गाडी ओढून आणील." आणि मग छातीत साठलेल्या गिरणीच्या कापसाने त्याला नेलं.

समितीतले लोक दमयंतीला भेटायला आले तेव्हा फार हळू बोलले. क्रेनवाल्याला विचारून ठेवलंय म्हणाले.

"बाबांनी शब्द दिलाय," ती म्हणाली. "गाडी ओढेल."

दुसऱ्या दिवशी तिने पिकअप भायखळ्याला सिडनीच्या गॅरेजात नेली. सिडनी आणि धर्मा जुने दोस्त. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या हौद्यात डोकावून बघितलं.

"रिकामी! अगं बाय, पाठीवर वजन नाय तर चाक रस्ता धरणार कसा? आणि हुक बघ किती वर लावलाय. साखळीला ओढ लागली की गाडी नाक वर करते, मग चाकं हवेत नाचतात." हुक त्याने खाली चासीवर घेतला. मागच्या टायरांत हवा वाढवली. "आता ऐक. डिझेलचा जोर खालीच असतो, त्याला ओरडायला लावू नको. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोड, साखळी आधी ताणून घे. मग गाडी आपसूक चालते. उतारालाही गिअर तोच. आणि मागच्या ॲक्सलच्या बरोब्बर वर वजन ठेव. दोन गोणी वाळू चालेल."

"वाळू कशाला," दमयंती म्हणाली. "घरी वजनं आहेत."

साच्याची वजनं. ताण्याचा रोल घट्ट राहावा म्हणून साच्याच्या मागे दोराला टांगायच्या बिडाच्या गोल चकत्या, मधे खाच असलेल्या. गिरणी बंद झाल्यावर धर्माने आपल्या दोन साच्यांची वजनं कशीबशी घरी आणली होती. ती खाटेखाली होती, गंजलेली, जुन्या लुगड्यात बांधलेली.

रखमा बराच वेळ त्या गाठोड्याकडे बघत बसली. "ने," ती शेवटी म्हणाली. "पण दुसऱ्या कोणाक हात लावूक देव नको. ती त्येंची आसत."

वजनं ॲक्सलवर बसवली आणि गाडीचा स्वभावच पालटला. गिरगावातून एक टॅक्सी भायखळ्याला आणायची होती. दमयंतीने पहिला गिअर टाकला, साखळी ताणून घेतली आणि पिकअप एखाद्या बैलासारखी मान खाली घालून चालू लागली. हिसका नाही, वास नाही. सिग्नलला थांबतानाही आरशात साखळी सरळच्या सरळ. नाक्यावरचा पानवाला आत्ता इथे असायला हवा होता, असं तिला वाटून गेलं.

गॅरेजशी टॅक्सीवाला उतरला तो आपल्या पायांकडे बघत. रमाकांत त्याचं नाव, प्रभादेवीचा.

"बाई, तुमची साखळी एकदाही सैल पडली नाही."

"तुम्ही ब्रेक चांगला सांभाळलात."

"मी कुठे सांभाळला? मी पाय लावायच्या आधीच पेडल खाली जात होतं."

ब्रेकचा ड्रम धरत असेल, दमयंती म्हणाली. सिडनीने चाकं फिरवून बघितली. मोकळी होती. तिच्या हौद्यातल्या वजनांकडे त्याने एकदा बघितलं आणि हात फडक्याला पुसत राहिला.

पुढे दोन टोचनं अशीच झाली. गाडीचं नाव झालं. करी रोडपासून काळाचौकीपर्यंत लोक म्हणू लागले, धर्माच्या पोरीची गाडी लोण्यासारखी ओढते. दमयंतीला ते ऐकायला आवडत होतं. एका सकाळी हौदा धुताना मात्र तिच्या लक्षात आलं की वजनांचा गंज होता तसाच आहे, फक्त मधल्या खाचा आतून लख्ख झाल्यात. त्यातून रोज दोर घासत असावा तशा. गाडीच्या थरथरीने झालं असेल. लोखंड लोखंडाला घासतं. तिने तसं स्वतःला समजावलं आणि फडकं पिळून वाळत घातलं.

बंबाच्या दिवशी गिरणीच्या गेटसमोर सकाळपासून माणसं जमली. पांढऱ्या टोप्या, काठ्या, डोळ्यांवर जाड चष्मे. अख्खं साचेखातं पुन्हा पाळीवर आल्यासारखं वाटत होतं. समितीने खबरदारी म्हणून सांगून ठेवलेला क्रेनवाला बाजूला बिडी ओढत उभा होता.

"पिकअपने बंब?" तो म्हणाला. "मी थांबतो इथेच. दुपारी बोलावणारच मला."

"थांबा की," दौलतकाका म्हणाले. "मिरवणुकीला माणसं लागतातच."

दौलतकाका धर्माचे साचेखात्यातले जोडीदार. बंबाच्या स्टिअरिंगवर तेच बसणार होते. रखमाने देवापुढचा पेढा सगळ्यांना वाटला. काकांनी तो जिभेवर ठेवून नुसता चघळला, कारण तोंडात एकही दात उरला नव्हता. "दात गेले, वहिनी. गोडाची आवड गेली नाय," ते म्हणाले.

बंबाला ब्रेक नव्हते. तेल केव्हाच आटलं होतं आणि पेडल फरशीला टेकून पडलं होतं. म्हणून सिडनीने मधे साखळीऐवजी लोखंडी दांडा बसवून दिला होता, म्हणजे उतारावर बंब पिकअपच्या अंगावर येणार नाही. दांड्याबरोबर राखीव म्हणून साखळीही होती. तिचा मागचा आकडा दमयंतीने स्वतः बंबाला लावला आणि त्याचं तोंड तारेने पिळून बांधलं. सूत होतं घरात. पण गाठ येत नव्हती.

पहिला गिअर. क्लच पूर्ण सोडला. दांडा करकरला, जमिनीत रुतून बसलेली चाकं एकदा कुरकुरली आणि बंब हलला.

गेटातून बाहेर पडताना कुणी घोषणा दिली नाही. म्हातारी माणसं टोप्या काढून उभी राहिली, एवढंच. क्रेनवाल्याने बिडी टाकून दिली.

करी रोडचा पूल चढायला लागल्यावर दौलतकाकांनी घंटा वाजवायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती. गच्च्यांतून बायका बघत होत्या. इंजिन ओरडत नव्हतं, खालच्या सुरात एकसारखं गुरगुरत होतं. हौद्यात वजनं जराही हलत नव्हती. दमयंतीची मान आपोआप ताठ झाली. बाबा, बघताय ना, असं ती मनात म्हणाली, आणि तिला पहिल्यांदाच रडू आलं नाही.

पुलाच्या माथ्यावर दांड्याची पिन तुटली.

आवाज फारसा झाला नाही. दांडा खाली पडून रस्त्यावर घासू लागला. बंब माथ्याच्या अलीकडे होता, म्हणून क्षणभर साखळीने त्याला धरलं. मग त्याची पुढची चाकंही माथा ओलांडून उताराला लागली.

आता साखळी सैल पडणार. मग बंब येणार.

पुढे स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं होती. गाडी पळवावी तर त्यांच्या अंगावर. ब्रेक दाबावा तर मागून चार टन लोखंड.

आरशात दौलतकाका स्टिअरिंग धरून अर्धे उभे राहिलेले दिसले. घंटा थांबली होती.

पुढचो नुसतो ओढता गो.

दमयंतीने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. ब्रेकवर ठेवला नाही. गिअर तोच राहू दिला आणि हात स्टिअरिंगवर स्थिर धरले.

साखळी सैल पडली नाही.

उतारावर, ब्रेक नसलेला बंब मागे असताना, ती आरशात सरळ होती. साच्यावरच्या ताण्यासारखी. तिच्यावर ऊन चमकत होतं.

पिकअप माणसाच्या चालीने उतरली. बंबही तेवढ्याच चालीने उतरला. कडेने चालणाऱ्या लोकांना दांडा पडल्याचंही फारसं कळलं नाही. ते टाळ्या वाजवत होते.

भारतमाता नाक्याच्या अलीकडे रस्ता सपाट झाला आणि दमयंतीने गाडी कडेला घेतली. बंब साखळीभर अंतर राखून थांबला. ती धावत मागे गेली. दौलतकाका अजून सीटवरच होते. त्यांचे पाय सीटच्या कडेला, वर आखडून घेतलेले होते.

"काका, लागलं का कुठे?"

त्यांनी मान हलवली. "ब्रेक नाय, ठाऊक होतं. तरी पाय गेलाच सवयीने." ते हळू बोलत होते. "पण ठेवू कुठे, दमू? पेडलवर जागाच नव्हती."

तिने त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. दोघंही थोडा वेळ बंबाच्या लाल पत्र्याला टेकून उभे राहिले. समोर पिकअप उभी होती, पांढरी, धुरळ्याने माखलेली, आणि रखमा गर्दीतून वाट काढत येत होती. कुणीतरी ओरडलं, "धर्माच्या पोरीने आणला रे बंब!" आणि मग सगळेच ओरडू लागले.

"काका, घंटा वाजवा," दमयंती म्हणाली. "चाळ जवळ आलीय."

काका पुन्हा वर चढले. निघण्याआधी साखळी बघायला हवी म्हणून ती बंबासमोर वाकली. तिने पिळलेली तार आकड्यावर नव्हती. त्या जागी पांढरं सूत होतं. गाठ चपटी, ज्वारीच्या दाण्याएवढी.

तिने टोकावर बोट ठेवलं. ते कात्रीने कापलेलं नव्हतं, दाताने तोडलेलं होतं, आणि अजून ओलं होतं.