वादळ समुद्रात, वारा डोंगराकडून

सकाळचे सात वाजले होते. दुर्वा जाक्कर कातळवेळच्या जेटीवर उभी राहून धोक्याच्या लाल बावट्याकडे एकटक बघत होती, आणि तिला कोडं सुटत नव्हतं.

बावटा समुद्राकडे फडफडत होता. म्हणजे वारा गावामागच्या डोंगराकडून, पूर्वेकडून येत होता. पण वादळ तर समुद्रात होतं! पहाटे फोनवर आलेल्या संदेशात स्पष्ट म्हटलं होतं की चक्रीवादळ नैऋत्येला दीडशे किलोमीटरवर आहे आणि दुपारी चारच्या सुमारास नांदखोलजवळ जमिनीवर येईल. नांदखोल म्हणजे कातळवेळच्या दक्षिणेचं, पन्नास किलोमीटरवरचं बंदर. समुद्रातून येणाऱ्या वादळाचा वारा समुद्राकडूनच यायला हवा. मग हा डोंगरातून कसा येत होता?

हे साल होतं दोन हजार एक्केचाळीस. वादळाची खबर आता चार दिवस आधी मिळायची, शाळेच्या पक्क्या इमारतीत दोनशे माणसांची सोय होती, छपरावर सौरपत्रे होते. पण विज्ञान कितीही पुढे गेलं तरी उडायचे ते पत्रे उडतातच. त्यामुळे गावात जिकडेतिकडे दोर आवळणं चाललं होतं. दुर्वाची आई सुकट पोत्यांत भरून माळ्यावर चढवत होती आणि मधूनमधून दुर्वाच्या नावाने हाका मारत होती. सगळे कामात होते आणि सगळेच मनातून घाबरले होते. फक्त ते कोणी बोलून दाखवत नव्हतं.

दुर्वाचे आजोबा, काशिनाथ तांडेल, टपरीवर चहा पीत बसले होते. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. पण आबांचा शब्द त्यांच्या एकट्याच्या होडीवर नाही, गावातल्या बत्तीसच्या बत्तीस होड्यांवर चालायचा. काल संध्याकाळीच त्यांनी सगळ्या होड्या खाडीच्या वळणावर, कड्याखाली नेऊन बांधायला लावल्या होत्या. कातळवेळची खाडी समुद्रातून आत शिरते आणि लगेच उत्तरेकडे वळते. त्या वळणाच्या पश्चिम काठाला काळ्या कातळाचा उंच कडा आहे, पूर्व काठाला चिखल आणि दाट कांदळवन. पावसाळी वारा पश्चिमेकडून सुटला की कड्याच्या पोटाशी होड्या अगदी निवांत राहतात. आबा हे पन्नास वर्षं करत आले होते.

"आबा, वारा डोंगराकडून का येतोय?" दुर्वाने टपरीपाशी जाऊन विचारलं.

"अगो, मतलई आहे ती," आबा म्हणाले. मतलई म्हणजे रात्री जमीन गार झाली की जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. "ऊन चढलं की पडेल. मग समुद्राकडून खारा वारा सुटेल आणि मागून येईल तुझं वादळ. जा, आईला मदत कर जा."

उत्तर बरोबर वाटत होतं. शाळेच्या पुस्तकातही तसंच होतं. पण मतलई अशी कधी गुरगुरत नाही, हे दुर्वालाही कळत होतं. ती आईकडे न जाता जेटीच्या टोकाला गेली. आईच्या हाका तशाच राहिल्या.

तिथे टिटवी बांधलेली होती. टिटवी ही वेधनौका (समुद्रात एकटी फिरून वारा, लाटा आणि हवा मोजणारी, माणसाशिवाय चालणारी बोट). रंगाने पिवळी, दोन खाटांएवढी लांब, आणि बोलकी. दहा दिवसांपूर्वी तिचं शीड फाटलं म्हणून एका होडीने तिला ओढून खाडीत आणलं होतं. तेव्हापासून तिच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचं काम दुर्वाकडे होतं. दोघींची चांगलीच गट्टी जमली होती.

"टिटवी, ही मतलई आहे का?"

"नाही," टिटवी म्हणाली. "हे वादळच आहे. त्याची कड तुमच्यापर्यंत पोचलीय."

"मग वारा उलटा का?"

"उलटा नाही, गोल. आधी हे सांग, वादळाच्या मधोमध काय असतं?"

"डोळा."

"तो झाला आकार. तिथे हवेचा दाब कमी असतो. हवेचा दाब म्हणजे आपल्यावरच्या सगळ्या हवेचं वजन. कोमट समुद्रावरची हवा तापते, वाफ घेऊन वर जाते, आणि खाली वजन कमी पडतं. मग चारही बाजूंची हवा तिकडे धावते. बसच्या दाराकडे माणसं धावतात तशी."

"म्हणजे हवा सरळ मध्याकडे जाते."

"निघते सरळ, पण पृथ्वी फिरते ना! जत्रेतल्या आडव्या फिरणाऱ्या चक्रावर बसून समोरच्याला चेंडू टाकून बघ. चेंडू सरळच जातो, पण तेवढ्यात समोरचा सरकलेला असतो. तुला वाटतं, चेंडूच वळला. आपल्या उत्तर गोलार्धात (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात) धावणारी हवा अशी उजवीकडे वळते. चारही बाजूंनी निघालेली हवा मध्याला जरा जराशी चुकते आणि त्याच्याभोवती फिरत बसते."

दुर्वाने डोकं खाजवलं. तिला अर्धं समजलं होतं आणि अर्धं समजल्यासारखं वाटत होतं.

"तो लोखंडी खुंटा बघ," टिटवी म्हणाली. "तो वादळाचा मध्य आणि तू हवा. डावा हात खुंट्याकडे ठेव आणि त्याच्याभोवती चालायला लाग."

दुर्वा चालू लागली. घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

"आता तू खुंट्याच्या दक्षिणेला आहेस. तोंड कुठे आहे?"

"पूर्वेला. गावाकडे."

"म्हणजे तिथे हवा समुद्राकडून गावाकडे जाते. चालत राहा. आता खुंट्याच्या उत्तरेला आलीस. तोंड?"

दुर्वा जागच्या जागी थांबली. तिचं तोंड पश्चिमेला होतं, समुद्राकडे. बावटा तिकडेच फडफडत होता.

"वादळ आमच्या दक्षिणेला नांदखोलवर जाणार," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे आम्ही त्याच्या उत्तरेला. म्हणजे आमच्याकडे वारा डोंगराकडूनच येणार. शेवटपर्यंत?"

"जोर असेल तोवर पूर्वेकडून, नंतर फिरून उत्तरेकडून. पश्चिमेचा वारा नांदखोलच्या पलीकडे. तो समुद्राचं पाणीही गावात ढकलेल. तुमच्याकडे मात्र वारा खाडीतलं पाणी बाहेर ढकलेल."

दुर्वाने वळणाकडे पाहिलं. पूर्वेचा वारा सुटला तर होड्यांना कडा आडोसा देणार नव्हता. वारा त्यांना त्याच कातळावर नेऊन आपटणार होता. बत्तीस होड्या! अख्खं गाव त्यांच्यावर जगत होतं. ती टपरीकडे धावत सुटली.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग टपरीवरच्या लोकांकडे बघून हसले. "तुझ्या टिटवीला विचार, तिच्या जाळ्यात कधी एखादा बांगडा तरी लागलाय काय?"

"नाही लागला," टिटवीचा आवाज दुर्वाच्या हातातल्या फोनमधून आला. "पण तीन वादळांच्या आतून आलेय मी, तांडेल. तुम्ही माझं ऐकू नका. स्वतःच बघा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डावा हात बाजूला पसरा आणि किंचित पुढे न्या. पुढे एवढ्यासाठी की हवा नुसती गोल फिरत नाही, थोडी आतही ओढली जाते. हात दाखवेल तिकडे वादळाचा मध्य."

आबा कुरकुरत उठले. पाठ केली, हात पसरला. हात समुद्रातल्या काळ्या खडकाच्या जरा उजवीकडे, नैऋत्येला गेला. कोणीतरी फोनवरचा नकाशा उघडला. वादळ तिथेच होतं.

टपरीवरचं हसू थांबलं. पण आबा इतक्यात ऐकणारे नव्हते. "एकदा कोणाचाही नेम लागतो. दहापर्यंत थांबू. मतलई असेल तर दहाला पडेलच."

दुर्वाला ओरडावंसं वाटलं, पण ती बावट्याकडे नजर लावून बसली. आबांना घाईने पटत नाही आणि एकदा पटलं की ते मागे वळत नाहीत, हे तिला माहीत होतं.

दहा वाजले. वारा पडला नाही. उलट माडांच्या झावळ्या समुद्राकडे ओढल्यासारख्या ताणल्या गेल्या आणि कोणाची तरी ताडपत्री उडून थेट खाडीत पडली. आबांनी पुन्हा पाठ केली, हात पसरला. या वेळी हात काळ्या खडकाच्या डावीकडे गेला. मध्य एका मुठीएवढा दक्षिणेकडे सरकला होता.

"सरकला तर," आबा स्वतःशीच पुटपुटले. "आपल्या खालून, दक्षिणेकडून जातोय." मग टपरीकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "उठा रे! सगळ्या होड्या कांदळवनात! पूर्व काठाला, चिखलात! झाडं वारा अडवतील आणि पाणी गेलं तरी होड्या मऊ बसतील."

"तांडेल, आयुष्यात कधी तिकडे बांधल्या नाहीत," कोणीतरी म्हणालं.

"आज बांधू."

मग काय धांदल उडाली! होड्या कड्याखाली एकीला एक लावून बांधल्या होत्या. बाहेरची सुटल्याशिवाय आतली निघायची नाही. सगळ्यात आत, कातळाला लागून, आबांची होडी होती. ती जागा तांडेलाच्या मानाची. दुर्वा जेटीवर उभी राहून मोजत होती. अकराला बारा होड्या पलीकडे गेल्या, बाराला चोवीस. टिटवीलाही एका होडीमागे बांधून नेलं. "खुल्या समुद्रात मी कधी घाबरले नाही," ती जाता जाता म्हणाली, "पण चिखलाची मला अजिबात सवय नाही."

आणि पाणी उतरू लागलं. ओहोटीची वेळ झाली नव्हती, तरी वारा खाडीचं पाणी तोंडातून बाहेर लोटत होता. साडेबाराला एकतिसावी होडी तळ घासत कशीबशी सुटली. आबांची होडी निघायच्या आत तिच्याखालचं पाणी गेलं. ती कातळावर कलली आणि तशीच बसली. आठ जणांनी खांदा लावून पाहिला. होडी तसूभर हलली नाही.

आबांनी एकदा होडीवर हात ठेवला. "चला वर," ते म्हणाले. "माणसं आधी."

दुपारी शाळेच्या खिडकीतून दुर्वाने जे पाहिलं ते ती विसरणं शक्य नव्हतं. खाडी रिकामी झाली होती. वारा डोंगरावरून इतक्या जोरात उतरत होता की वर्गाची दारं बाकं लावून धरावी लागली. कांदळवन पार वाकलं होतं, पण उन्मळलं नव्हतं. साडेपाचला बावट्याची नुसती काठी उरली. सहानंतर वारा उत्तरेकडून येऊ लागला आणि हळूहळू त्याचा जोर ओसरला. नांदखोलहून निरोप आला की समुद्र गावात शिरला, पण माणसं सगळी वर टेकडीवर आहेत. आईने ऐकलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच ती खाली बसली.

पाणी रात्री परत आलं. सकाळी सगळे खाडीवर गेले तेव्हा कांदळवनात एकतीस होड्या तरंगत होत्या. चिखलाने माखलेल्या होत्या, दोन होड्यांची छतं गेली होती, पण सगळ्या धड होत्या. कड्याखाली आबांची होडी मात्र परत येणाऱ्या पाण्याने कातळावर आपटून एका कुशीला फुटली होती.

दुर्वाला रडू आवरेना. "मी आणखी जोरात सांगायला हवं होतं, आबा."

"तू सांगितलंस गो बाय," आबा म्हणाले. "मी बसून राहिलो. पन्नास वर्षं समुद्राचा एकच वारा ओळखला आणि वाटायला लागलं, सगळे ओळखतो. ते अडीच तास माझ्यामुळे गेले. बत्तीसही गेल्या असत्या, तर गावाला तोंड कसं दाखवलं असतं मी?"

तेवढ्यात एकतीस होड्यांवरची माणसं दोर आणि फळ्या घेऊन चिखल तुडवत कड्याकडे येताना दिसली. कोणी बोलावलं नव्हतं. आबांनी घाईघाईने डोळे पुसले आणि दोर असा नाही, तसा बांधा म्हणून त्यांच्यावर खेकसायला सुरुवात केली.

होडीची कूस महिनाभरात सांधली गेली. टिटवीला नवीन शीड मिळालं आणि ती समुद्रात परतली. समुद्र वर्षागणिक तापतोय, म्हणून आता वादळं जास्त जोरकस होऊन येतील, असं तिने जाताना सांगितलं. पण मोजणाऱ्या वेधनौकाही आता वीस झाल्या आहेत, हेही सांगितलं.

ऑक्टोबरात एका दुपारी आबांचा फोन वाजला. खाली दूरच्या एका बंदरातले तांडेल बोलत होते. पुन्हा एक वादळ उठलं होतं. "काशिनाथदादा, तुमच्या होड्या तुम्ही कांदळवनात नेल्यात म्हणे. आम्हीपण पूर्व काठालाच बांधू ना?"

आबांनी फोन दुर्वाच्या हातात दिला.

"इतक्यात बांधू नका, काका," दुर्वा म्हणाली. "आधी मला सांगा, वादळ तुमच्या उत्तरेकडून जाणार आहे की दक्षिणेकडून?"

त्यात काय फरक पडतो, असं काकांनी विचारलं. दुर्वा पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुमच्या जेटीवर एखादा खुंटा आहे का?"