नत्थूजींची चाल

ही गोष्ट माझ्यासोबत घडली आहे. मी इंजिनियर आहे, भुताखेतांच्या गप्पांना हसणारी. हसायचं तर तुम्हीही हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या मे महिन्यातला रविवार, दुपारचे तीन. नागपूर, हिंगणा एमआयडीसीतली आमची लॅब.

आम्ही कृत्रिम पायाचा घोटा बनवतो. तो आमची एक मशीन तपासते. ती घोट्याला वरून दाबते आणि त्याच वेळी पिळतेही, माणूस चालताना होतं तसंच. वीस लाख पावलं टिकला तर पास.

ही पावलं आमच्या जुन्या टेक्निशियनची, नत्थूजींची होती. अपघातानंतर ते लंगडत. टप... आणि मग दुसरा पाय घासत. त्यांना सेन्सरवरून चालवून आम्ही ती चाल फाइलमध्ये घेतली होती. मशीन तीच चाल घोट्याला देते.

जानेवारीत नत्थूजी गेले. हार्ट अटॅक.

त्यांच्या चालीवर घोटा दोनदा तुटला होता, बारा लाख पावलांच्या आसपास. आणि पहिला घोटा लागणार होता माझ्या बाबांना. शुगरमुळे त्यांचा पाय कापून वर्ष झालं होतं. रोज विचारायचे, कधी होते वं तुमचं?

मग मी एक काम केलं. पाय घासताना त्यांच्या घोट्याला पिळाचा एक झटका बसायचा, तो कुणाला न सांगता फाइलमधून काढून टाकला. एका म्हाताऱ्याची वाकडी चाल, तिच्यासाठी बाबांनी किती थांबायचं?

घोटा पास झाला.

त्या रविवारी मी रिपोर्टवर सही करायला एकटीच आले होते. पेन हातात घेतलं आणि लाइट गेली. कूलर थांबला. सगळं एकदम शांत.

आणि मग...

टप... स्स्स.

टप... स्स्स.

आवाज मशीनच्या पंपाच्या खोलीकडून येत होता. पंप बंद होता. मशीनही बंद होती.

पावलं जवळ येत गेली. मशीनपाशी थांबली. मला मान वळवता येईना.

नत्थूजी एकदा मला म्हणाले होते, "मॅडम, लंगड्याचीच चाल ठेवजा. सरळ चालणाऱ्याले हा पाय कायले पाह्यजे?"

तेच मला त्या वेळी आठवलं. आणि मशीनमधून आवाज आला...

कट्.

लाइट आली तेव्हा घोटा मशीनमध्येच दोन तुकडे होऊन पडला होता. काउंटर वीस लाखांवर थांबलेला मी स्वतः पाहिला होता. आता तिथे वीस लाख अकरा होते.

मी सही केली नाही. घरी, नंदनवनला, बाबांनी विचारलं, "काहून नाही केली वं सही?" मी खोटं सांगितलं. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

आमच्या डिझायनरने, दुर्गेशने, घोट्याची मान, जिथे तो तुटायचा तो बारीक भाग, जाड केली. या वेळी मी नत्थूजींची अस्सल चाल लावली, झटक्यासकट. घोटा टिकला. दिवाळीआधी बाबांना पाय बसला. ते चालले तेव्हा मी रडले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

मागच्या रविवारी मी पुन्हा लॅबमध्ये एकटी होते. लाइट होती. मशीन रिकामी होती, आत घोटाच नव्हता.

टप... स्स्स.

या वेळी पावलं मशीनकडे गेली नाहीत. माझ्या खुर्चीमागे येऊन थांबली.

मागच्या वेळी ती आली तेव्हा घोटा तुटला होता, आणि आता घोटा बाबांच्या पायात होता. मी बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "सक्करदऱ्याच्या तलावावर हावो. पायऱ्या उतरून राहिलो."

"बाबा, आहात तिथंच बसा. एक पाऊलही टाकू नका."

रिक्षाने त्यांना घरी आणलं. घोटा काढून तपासला. दुर्गेशने तपासला, मी तपासला. साधा ओरखडाही नाही. रिपोर्ट चार वेळा वाचला. चूक सापडत नाही.

बाबा पुन्हा कुबड्यांवर आहेत. माझ्याशी बोलत नाहीत. आईकडून त्यांनी निरोप पाठवलाय, उद्या सकाळी पाय हवा.

पाय माझ्या कपाटात आहे. द्यावा की नाही, मला खरंच कळत नाही.