आरव्होचा एकुलता एक फोटो

एखाद्याचा चेहरा आपल्या हातात आहे, पण तो कुणाला दाखवता येत नाही, अशी वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? आयलीवर आली होती. सुपीरियर सरोवराच्या काठी तिचं छोटंसं फोटोचं दुकान आहे, तिथं, भर जानेवारीत.

काम तसं साधंच होतं. गावातला म्हातारा आरव्हो वारला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये त्याचं अंत्यदर्शन होतं. शवपेटीशेजारी ठेवायला मोठा फोटो हवा होता. पण आरव्होचा फोटो जगात एकच. कॅमेरा दिसला की तो जन्मभर तोंड फिरवत आला. नुकताच त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस झाला, तेव्हा त्याच्या बायकोनं, हेल्मीनं, त्याला दटावून खुर्चीत बसवलं. ती मागं उभी राहिली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आयलीनं आपल्या नव्या कोऱ्या कॅमेऱ्यानं तो क्षण टिपला.

“पन्नास वर्षांत एकदाच ऐकलं बाई त्यानं माझं,” हेल्मी फोनवर म्हणाली. “मोठा काढ हं. नाक नीट येऊ दे. तेवढंच देखणं होतं त्याचं.”

दुपारीच अंधारून आलं होतं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. आयलीनं दिवा लावला आणि संगणकापुढं बसली. फोटो नेहमी रॉ फाइलमध्ये काढायचे, ही तिची जुनी सवय. कॅमेऱ्यानं पाहिलं ते सगळं त्यात कच्चं राहतं, उजेड मागाहून सुधारता येतो. पडद्यावर नखाएवढा आरव्हो दिसला, थेट तिच्याकडे बघणारा. तिनं त्यावर बोट दाबलं. चौकट काळी झाली. खाली अक्षरं उमटली : ही फाइल ओळखता येत नाही.

तिनं भाच्याला, रॉडनीला, फोन लावला.

“आत्या, कॅमेरा यंदाचा आणि प्रोग्राम आजोबांच्या वेळचा,” तो हसला. “नवी सून आणलीस, पण सासूशी तिची ओळख कोण करून देणार? साधा फोटोही सोबत काढून ठेवायचा होतास.”

“उद्या मयत आहे रे. थट्टा नको.”

मग त्यानं फाइल जुन्या प्रकारात बदलून देणारा एक फुकटचा प्रोग्राम सांगितला. आयलीनं तो उतरवून घेतला. पट्टी हळूहळू भरू लागली. खोलीत ओल्या लोकरीचा वास येऊ लागला, कुणी बर्फातून येऊन कोट न काढता उभं राहावं तसा. तिनं मागं पाहिलं. दार बंद होतं.

फोटो उघडला. भिंत, पडदा, हेल्मीचा निळा पोशाख, सगळं लख्ख. खुर्ची मात्र रिकामी. हेल्मीचा हात खांद्याच्या उंचीवर, हवेत टेकला होता.

“रॉडनी… माणूस नाही रे यात.”

“असं कसं होईल? रंग बिघडतील, आत्या. माणूस कसा जाईल?”

“नाही रे तो…”

“कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतोय ना? मग त्याचाच फोटो काढ मोबाइलनं.”

कॅमेऱ्याच्या पडद्यावर आरव्हो होता. तिनं मोबाइल धरला, फोटो घेतला. मोबाइलमध्ये खुर्ची रिकामी. तिनं पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहिलं.

आरव्होनं तोंड फिरवलं होतं.

त्यानंतर तिनं कॅमेऱ्यातला तो फोटो उघडून पाहिला नाही. पुन्हा उघडावं तर तेवढाही तो जाईल, ही भीती. हेल्मीचा फोन आला.

“झाला का गं?”

“होतोय…” आयली म्हणाली. खरं सांगायला तोंडच उघडेना. रिकाम्या हातानं जाणंही जमेना. शेवटी तिनं तो रिकाम्या खुर्चीचाच फोटो छापला, काचेच्या चौकटीत बसवला आणि कागदात गुंडाळला. चर्चच्या दारातच हेल्मीला गाठू, हात धरून सगळं सांगू, असं तिनं ठरवलं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

सकाळी ती पोचली तेव्हा हेल्मी दारातच होती. आयलीनं तोंड उघडायच्या आत तिनं कागद सोडवला. बराच वेळ बघत राहिली. मग काचेवरून बोट फिरवत म्हणाली, “आलं गं नाक. अगदी आलं.”

फोटो चौरंगावर लागला. लोक रांगेनं येत होते. “आता बोलेल असं वाटतं,” कुणी म्हणालं. “पठ्ठ्यानं एकदाचं तोंड दाखवलं,” दुसरा म्हणाला आणि डोळे पुसले. आयली पुन्हापुन्हा बघत होती. हेल्मीचा हात हवेतच होता.

रांग पुढं सरकली, तिची पाळी आली. शवपेटी उघडी होती. तिच्या पुढची बाई वाकून कुणाच्या तरी कपाळावर हात ठेवून गेली. आयली वाकली. आत पांढरी उशी होती, मधोमध दबलेली. बाकी काही नव्हतं.