बदलीवरचा मुलगा

सुहृद तीन वर्षांनी फिनलंडहून अमरावतीला घरी आला, तेव्हा बाबा पुढच्या खोलीत पलंगावर पडून होते. उजवा हात कुणी आणून ठेवल्यासारखा अंगावर होता. त्यांनी पाहुण्याकडे पाहावं तसं सुहृदकडे पाहिलं आणि नजर पुन्हा भिंतीवरच्या टीव्हीएवढ्या पडद्याकडे वळवली.

"कधी झालं हे?"

"होळीच्या सुमारास," आई म्हणाली. "झटका आला. वाचा गेली."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं की, त्याच दिवशी." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "त्याला."

सुहृद खुर्चीत बसला.

परदेशी विद्यार्थ्यांना त्याचं विद्यापीठ प्रवेशाबरोबरच 'प्रतिभाषी' देत असे. विद्यार्थ्याचे जुने संदेश, आवाज, हसण्याची लकब शिकून घेऊन ही प्रणाली त्याच्याच चेहऱ्याने घरच्यांशी बोले. मुलं तिला 'बदली' म्हणत. शाळेत रजेवरच्या मास्तरांच्या जागी बदली मास्तर येतो तसा. पहिल्या हिवाळ्यात प्रयोगशाळेतलं काम वाढलं, तेव्हा सुहृदने अमरावतीहून येणारे सगळे फोन आठवडाभरासाठी बदलीकडे वळवले. ते तसेच राहिले. तिकडे कुणी कुणाला उगाच त्रास देत नाही, हे त्याला फार आवडलं होतं. बाकी काही शिकला असो वा नसो, एवढं मात्र तो मन लावून शिकला.

"तो मी नव्हे, हे तुला कळलं नाही?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं. शेजारच्या नलूच्या सुनेचं सगळं पुराण त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तू कधी ऐकलंस? तुझं आपलं, ठेव आई, काम आहे. बाबा म्हणाले, आपल्या पोरापेक्षा बदली मास्तर बरा."

"मग त्याने मला कळवलं का नाही?"

आई पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. "मीच म्हटलं, सुहृदला सांगू नकोस, त्याची परीक्षा आहे."

"आई!"

"अरे, तसं म्हणायचं असतं! नको म्हटलेलं कुणी ऐकतं का? माणूस असता तर त्याने लगेच तुला गाठलं असतं. नलूनेही तुला फोन लावला. तोही त्यानेच उचलला, आणि आईंनी सांगू नका म्हटलंय म्हणाला. मी रोज दाराकडे बघायची. वाटलं, कळूनही येत नाही."



सहा वाजले. पडदा उजळला आणि त्यावर त्याचाच चेहरा हसला. "नमस्कार गुरुजी. आज नद्या घ्यायच्या ना? वर्धा कुठे उगम पावते?"

भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाबांचे ओठ थरथरले. "मु... मुल..."

"घाई नाही. मी थांबतो."

"मुल... ताई."

"बघ," आई कुजबुजली. "डॉक्टरांनी आशा सोडली होती. रोज एकेक शब्द करत याने इथवर आणलंय."

सुहृद उठला आणि पडद्यासमोर उभा राहिला. "बाबा, मी आलोय. मी विचारतो ना. तापी कुठे उगम पावते?"

बाबांनी डावा हात उचलून हवेत दोनदा हलवला. वर्गात फळ्याच्या आड आलेल्या मुलाला ते असंच बाजूला करत.

तो बाजूला झाला.

स्वयंपाकघरात आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. कपाकडे बघत तो म्हणाला, "शुक्रवारी मला पदवी स्वीकारल्याचं कळवायचं आहे. त्यानंतर मी विद्यार्थी राहत नाही. हे बंद होईल. मागितलं तरी पुढे देत नाहीत, मी विचारून पाहिलंय."

बाहेर त्याचाच आवाज न कंटाळता तोच प्रश्न पुन्हा विचारत होता. आई बराच वेळ तो ऐकत राहिली.

"सुहृद," ती अगदी हळू म्हणाली, "तू नापास नाही का होऊ शकत?"