दाराबाहेरून ओडी

आल्याआल्या म्हणालीस ना पूर्णिमा, "तुझी लेक काय सुरेख मराठी बोलते गं!" सगळेच म्हणतात. चहा घे आधी. आणि तो दिवा जरा इकडे ओढ. सांगते.

मृणालिनी आठवते? माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. डब्लिनमधली गलेलठ्ठ पगाराची नोकरी सोडली आणि मलावीतल्या खेड्यांत शाळांमधून गणित शिकवायला गेली, तेही फुकट. मागच्या वर्षी, सगळं बंद व्हायच्या आधी, मी अस्मिताला घेऊन तिच्याकडे राहायला गेले होते. शाळेमागे दोन खोल्या, वीज नाही, पण पाहुणचार काय सांगू! आम्हाला पलंग देऊन स्वतः जमिनीवर झोपायची. तिथे कुणी दार वाजवत नाही. बाहेर उभं राहून "ओडी" म्हणायचं, आतून "ओडिनी" आलं की मगच पाऊल आत. सहा वर्षांच्या अस्मीला तो खेळच मिळाला.

निघताना मृणाल तिला कडेवरून खाली ठेवेना. "हिला ठेव ना गं इथे, शुभे. आमच्या शाळेत घालते."

"आत्ता नको. तू आयर्लंडला ये आणि घेऊन जा कायमची," मी म्हटलं. "माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल!"

आपण बोलतोच की असं. ती हसली. "बघ हं, येईन," म्हणाली.

मग विमानंच थांबली. यंदाच्या जानेवारीत मृणाल तिथेच कोविडने गेली. शाळेतल्या शिक्षकांनी लाकडं जमवून तिला अग्नी दिला, तो मी फोनवर पाहिला. सख्खी बहीण गेल्यासारखी रडले.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. अस्मीचा बाबा चंद्रहास हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर. पोर्टलीशच्या अगदी टोकाला आमची ही घरं, त्यात लॉकडाउन, कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी कचऱ्याचा डबा फाटकाशी ठेवून आले आणि प्रेसमधून कप काढत होते. कपाटाला मीही आता इथल्यांसारखं प्रेसच म्हणते. तेवढ्यात धुराचा वास आला. शेजारी शेगडीत पीट जाळतात, दलदलीतली वाळवलेली माती, त्याचा असेल, म्हटलं. पण पीटचा वास ओल्या मातीसारखा असतो. हा लाकडांचा होता... आणि तुपाचा.

मग दाराबाहेरून, अगदी हळू... "ओडी..."

तिचाच आवाज गं! कप हातातून सुटला. "ये आणि घेऊन जा" हे माझंच बोलणं आठवलं. ती कुणासाठी आलीय, हे मला उभ्या जागी कळलं.

धावत वर गेले. अस्मी खिडकीपाशी उभी होती. तिला ओढून छातीशी धरलं. "कुणी ओडी म्हणालं तर उत्तर द्यायचं नाही. माझी शपथ आहे."

"बट मॅमी, इट्स मृणालमावशी. शी'ज फ्रोझन." तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र कायम इंग्रजीत, तेही इथल्या हेलात.

रोज दिवेलागणीला हाक यायची. मी टीव्ही मोठा करून अस्मीला मांडीत घट्ट धरून बसायचे. चंद्रहासला सांगितलं, तर म्हणाला, "शुभदा, तुला झोपेची गरज आहे." बिचारा स्वतः दिवसभर मरणं बघून यायचा.

आणि एका संध्याकाळी हाक आलीच नाही. वासही नाही. सुटले बाई, म्हणत मी देवाशी दिवा लावला आणि अस्मीला जेवायला बोलवायला वर गेले. तिच्या खोलीचं दार कधी नव्हे ते बंद होतं. फटीतून धुराचा वास येत होता...

"अस्मी?"

आतून उत्तर आलं. "ओडिनी."

माझ्याच घरात मला कुणीतरी आत यायची परवानगी देत होतं. पोरीला दया आली असणार, तिने बोलावलं असणार आत. पाहुण्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही, हे मीच तर शिकवलेलं.

दार ढकललं. अस्मी एकटीच पलंगावर मांडी घालून बसली होती. माझ्याकडे वळली. "ये ना, शुभे. दारात काय उभी?"

मला शुभे म्हणणारी जगात एकच बाई होती.

तेव्हापासून घरात तिचं इंग्रजी बंद. गणितात तर अशी की शाळेतल्या टीचर थक्क. चंद्रहास खूश आहे. मी तिची वेणी घालते, तिला भरवते, कुशीत घेते. चेहरा माझ्या अस्मीचाच आहे गं... पोटचं पोर ओळखू येणार नाही का मला?

थांब, उठू नकोस. अंधारून आलंय. ऐक... दाराबाहेर.

"मॅमी... ओडी... इट्स फ्रीझिंग. लेट मी इन..."

मी रोज "ओडिनी" म्हणते, पूर्णिमा. घसा बसेपर्यंत म्हणते. दार सताड उघडते. बाहेर कुणी नसतं.

आणि मग वरून ती मला हाक मारते, "शुभे, दार लाव बघू. थंडी येतेय आत."