दर दहा पावलांना एक 'देवा'

सकाळी सातला वायरलेसवर जावयाचा निरोप आला आणि मोजणीदाराचा चहा कपातच राहिला. मुलीला पंधरा दिवस आधीच कळा सुरू झाल्या होत्या, आणि पोटात मूल आडवं होतं! जावई दीपगृहाचा रखवालदार. दीपगृह सहा किलोमीटर आत समुद्रात, एका खडकावर. धक्क्यावरच्या एकुलत्या एक लाँचचं इंजिन नेमकं आदल्या दिवशी दुरुस्तीला खोललेलं. आता वाट एकच होती. ओहोटीला समुद्र मागे हटला की जी वाळू उघडी पडते, ती चालत ओलांडायची आणि अकराच्या आत खडक गाठायचा. अकरानंतर तिथे भरती येते, आणि ती कुणासाठी थांबत नाही.

"मूल मी फिरवीन," डॉक्टरीणबाई बुटांच्या नाड्या सोडत म्हणाल्या, "पण मला तिथं पोहोचवायचं काम तुमचं."

तिसरा गडी म्हणजे मुलीचा मामा. मोजणीदाराचा सख्खा मेव्हणा, अंगाने धिप्पाड आणि जिभेने तिखट. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

"भाची माझीपण आहे, भावोजी," एवढं म्हणून त्याने औषधांची पेटी उचलून खांद्यावर टाकली.

तिघांनी कमरेला एकच दोर बांधला. पुढे मोजणीदार, मध्ये डॉक्टरीणबाई, मागे मामा.

ही वाट मोजणीदारानेच आखलेली. सरळ बासष्टशे पावलं, मग उजवीकडे सातशे. तिथे खाडी उथळ होते. तेवढ्याच जागी ती ओलांडता येते. अलीकडे नाही, पलीकडे नाही! त्याची मोजायची रीतही त्याची स्वतःची होती. दर दहा पावलांना एकदा 'देवा' म्हणायचं, शंभर 'देवा' झाले की हातातल्या दोरीला एक गाठ मारायची. तीस वर्षांत आकडा एकदाही चुकला नव्हता, आणि ही गोष्ट गावात कुणाला ठाऊक नसेल तर तो स्वतः सांगायचा. मामा त्यावर म्हणायचा, "देवाला मीटरपट्टी केलंय आमच्या भावोजींनी!"

पाचवी गाठ पडली आणि धुकं उतरलं. बघता बघता मागचा किनारा गेला, पुढचा खडक गेला, शेवटी स्वतःचे पायही दिसेनात. दीपगृहाचा भोंगा समोरून घुमत होता. पण त्या आवाजाच्या दिशेने सरळ गेलं की मध्ये खोल खाडी! होकायंत्र दिशा दाखवत होतं. वळायचं कुठे, हे मात्र फक्त आकडाच सांगणार होता.

"देवा... देवा..."

एक डबकं चुकवायला डॉक्टरीणबाई चार पावलं बाजूला झाल्या. तेवढ्यात दोराला जोराचा हिसका बसला!

"अहो! पाय! पाय निघत नाहीये!"

गुडघे गेले. मांड्या गेल्या. चिखल बाईंना कमरेपर्यंत गिळून बसला. मोजणीदार पालथा पडला, दोर मनगटाला गुंडाळून ओढू लागला. पलीकडून मामा ओढत होता. बाई एक इंच वर यायच्या आणि दोन इंच खाली जायच्या. त्या गेल्या तर मुलगी गेली!

"देवा!" मोजणीदार ओरडला. हा 'देवा' कुठल्याही दहा पावलांचा नव्हता. "देवा, धाव रे!"

"आडव्या व्हा!" मामा गरजला. "पोटावर पडा, बाई! पोहल्यासारखे हात मारा!"

अर्ध्या तासाने बाई बाहेर आल्या. चिखलाने माखलेल्या, धापा टाकणाऱ्या, पण धडधाकट.

"चला," तोंड पुसत त्या म्हणाल्या. "ती वाट बघतेय."

मोजणीदाराने पाऊल उचललं आणि 'देवा' म्हणायला तोंड उघडलं. पाच गाठींच्या पुढचा आकडाच डोक्यात नव्हता! पाच हजार दोनशे? की नऊशे? सांगावं का? मामासमोर? छे! त्याने मनाशी पंचावन्नशे धरले आणि चालू लागला. "देवा... देवा..." ओठ हलत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

सहा हजार. एकसष्टशे. जमीन मऊ लागू लागली. पाण्याची एक पातळ चादर घोट्यांवरून सरकली, परत गेली नाही. भरती!

मोजणीदार थांबला. तसाच पाण्यात गुडघे टेकून बसला. मागचे दोघे ऐकतायत याचंही त्याला भान राहिलं नाही.

"देवा, तीस वर्षं तुझं नाव घेतलं, पण तुला एकदाही हाक मारली नाही रे. पावलं मोजली नुसती. आता खरंच मारतोय. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण पोरीला वाचव. मी चुकलोय, आणि सांगायची मला लाज वाटतेय."

म्हणता म्हणता त्याला हुंदका फुटला. आणि गंमत अशी, की तो फुटल्यावर लाजही गेली. तो उठला आणि मागे वळला.

"माझा आकडा चुकलाय. मघाशी, चिखलापाशी. तेव्हापासून थापा मारतोय मी."

डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. मामा मात्र खिसा चाचपत होता.

"सहा," तो म्हणाला.

"काय सहा?"

"दाणे. शेंगदाणे. निघताना सत्तर मोजून टाकलेले खिशात. दर शंभर पावलांना एक खातोय. चौसष्ट खाल्ले, भावोजी. दोनशे पावलं पुढे आलोय आपण."

"तू मोजत होतास? कशाला?"

"तुमची चूक पकडायला!" मामा ओशाळून ओरडला. "तीस वर्षं वाट बघतोय! आता बोलत काय बसलाय, फिरा मागे!"

मोजणीदाराने त्याला मिठीच मारली असती, पण वेळ नव्हता. मागे दोनशे. पुन्हा समोर तोंड करून उजवीकडे सातशे. आता ओठांवर नाव नव्हतं. मामा मोठ्याने आकडे ओरडत होता आणि दोघं त्याच्या आवाजावर चालत होते. सातशे! समोर खाडी, काळी आणि वाहती. उतरले. पाणी कमरेला. छातीला. बाईंच्या हनुवटीला! पेटी मामाच्या डोक्यावर. मोजणीदाराचा पाय घसरला, दोर ताणला गेला, मामाने मागून खेचून धरला.

"मी आहे, भावोजी! चला!"

पायाखाली टणक वाळू लागली. पाणी छातीवरून कमरेला, कमरेवरून पोटऱ्यांना उतरलं. तिघेही पळत सुटले. पुढची हजार पावलं कुणीच मोजली नाहीत. धुक्यातून दगडी पायऱ्या समोर आल्या आणि वरून जावई वेड्यासारखा हात हलवत धावत आला.

बाई तशाच ओल्या कपड्यांनी आत गेल्या. दार लागलं. दोन्ही मेव्हणे पायऱ्यांवर बसून राहिले. खाली वाळू बुडाली, खाडी बुडाली, ते ज्या वाटेने आले ती सगळी वाट समुद्राखाली गेली. त्यानंतर पुष्कळ वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. कोवळा, चिडका, खणखणीत! मामाने पायरीवर डोकं टेकलं आणि भोकाड पसरलं.

"मुलगी झाली," बाई दारात येऊन म्हणाल्या. "आई ठणठणीत आहे. या आत, आजोबा."

खोलीत औषधाचा वास होता आणि स्टोव्हवर पाणी खदखदत होतं. मुलगी उशीला टेकून पडली होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, कुशीत चिमुकलं गाठोडं. बापाला बघून तिचे डोळे भरून आले.

"बाबा, हे सारखे सांगत होते, देवाचं नाव घे, देवाचं नाव घे. मला सुचलंच नाही हो. मी आपली सकाळपासून 'बाबा, बाबा' म्हणून ओरडत होते."

मोजणीदाराने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझं ओरडणं पोहोचलं, बाळा," तो म्हणाला. "जिथं पोहोचायचं, तिथं बरोबर पोहोचलं."