आठ लाल कार्डं

कौस्तुभच्या टेबलावर आठ लाल कार्डं लावली, तेव्हा गौतमी त्याला ओळखतही नव्हती.

शुक्रवार होता. पुण्याजवळच्या घोटावड्यातल्या त्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनतात. पंधरा दिवसांनी ग्राहक कंपनीचे लोक ऑडिटला येणार होते, आणि सगळ्यांची टेबलं, खण, कपाटं आवरून घेण्याचं काम स्टोअर्समधल्या गौतमीकडे आलं होतं. नियम तिनेच मराठीत लिहून फलकावर लावला होता. ज्या वस्तूची गरज दिसत नाही, तिला लाल कार्ड लावून मागच्या रॅकवर ठेवायचं. ज्याची वस्तू त्याने सात कामाच्या दिवसांत कार्डावर कारण लिहायचं, टेबलात जागा दाखवायची आणि वस्तू सोडवून न्यायची. नाही नेली, तर भंगार.

डिझाइन विभागात खिडकीजवळ एक टेबल होतं, म्हणजे असावं. दिसत नव्हतं. वर कागद, कागदांवर कॅलेंडर, कॅलेंडरवर छत्री. आठवं कार्ड तिने ॲल्युमिनियमच्या एका ओतीव तुकड्याला लावलं. त्यात एक भोक चुकीच्या बाजूला पाडलेलं होतं. 'रिजेक्ट माल', तिने लिहिलं आणि मान वर केली.

दारात एक उंच तरुण उभा होता. खिशात तीन पेन्सिली, हातात चहाचा कप, केसांत पावसाचे थेंब.

"माझं टेबल आजारी आहे का?"

"का बरं?"

"एवढ्या चिठ्ठ्या लावल्यात. वाटलं, तपासणीला नेताय."

"टेबल ठणठणीत आहे. वरचं ओझं उतरवतेय."

"मग एक कार्ड मलाही लावा. चार वर्षं इथेच पडून आहे."

"माणसांना कार्ड लावायचं नियमात नाही," गौतमी म्हणाली आणि वस्तू उचलून चालू लागली. वळल्यावर मात्र तिला हसू आलं.

कौस्तुभ अमरावतीचा. कंपनी तमिळनाडूत होसूरला नवा कारखाना काढत होती आणि तिथल्या डिझाइन विभागाचं प्रमुखपद इथले विभागप्रमुख जयसिंग सरांनी त्याला देऊ केलं होतं. हो की नाही, ते पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत सांगायचं होतं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, तसं गौतमीलाही. चला, ते टेबल आपोआपच रिकामं होईल, असं तिला त्या दिवशी वाटलं.

शनिवारी चार वाजता तो रॅकपाशी आला. आठ वस्तूंपैकी त्याने एकच उचलली. तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.

"कारण?"

"मागची बाजू कोरी आहे. चित्रं काढतो."

"जागा?"

"दाखवतो. चला."

रविवारी तो छत्रीसाठी आला. घोटावड्यातले कारखाने रविवारी चालतात, सुट्टी गुरुवारी.

"ताम्हिणी घाटात पावसात जायचं राहिलंय," तो म्हणाला. "गेलो की लागेल."

गौतमीने छत्रीचा खटका दाबला. पुन्हा दाबला. "ही उघडत नाही."

"म्हणून तर अजून गेलो नाही."

"हे कारण मी मान्य करू शकत नाही."

"मग दुरुस्त करून आणली तर?"

"तर विचार करीन."

सोमवारी त्याने छत्री दुरुस्त करून दाखवली, आणि वर बंद पडलेला कॅल्क्युलेटर सोडवून नेला. मंगळवारी यायला त्याला वीस मिनिटं उशीर झाला. तेवढ्यात गौतमीने चार वेळा घड्याळ पाहिलं... पाचव्या वेळी स्वतःवरच चिडून तिने घड्याळाकडे पाठ केली.

सगळ्या वस्तू एकदम नेता येतात, हे तिने त्याला सांगितलं नाही. त्यालाही ते माहीत असणार.

रोज एक वस्तू परत जायची, पण तिला जागा करायची म्हणून रोज एक खण उपसला जायचा. सुकलेल्या शाईच्या बाटल्या, दोन हजार एकोणीसच्या मीटिंगांची टिपणं, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका. गौतमी ढीग लावायची. ठेवायचं, द्यायचं, फेकायचं. तो प्रत्येक कागदाशी थांबायचा आणि त्याची गोष्ट सांगायचा. तिने घाई करायला हवी होती. केली नाही.

बुधवारी टेबलाचा वरचा भाग पहिल्यांदा पूर्ण मोकळा झाला. कौस्तुभने त्यावरून तळहात फिरवला.

"हिरवं आहे."

"काय?"

"टेबल. चार वर्षांत मला माहीतच नव्हतं."

"अजून काय काय माहीत नाही तुम्हाला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. "बरंच," तो म्हणाला.

गुरुवारी कारखाना बंद होता. गौतमी ऑडिटच्या फायली लावायला एकटीच आली होती. चार वाजता चपला वाजल्या आणि ओल्या बाह्यांचा कौस्तुभ समोर उभा राहिला.

"आज सुट्टी आहे," ती म्हणाली.

"तुमचीही आहे."

त्याला रिकाम्या रिफिलींचा डबा हवा होता. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'आपण किती लिहिलं ते कळतं'. तिने वाद न घालता सही केली. मग दोघं पायरीवर बसले. तिच्या डब्यात वडिलांच्या, आण्णांच्या, शेतातल्या शेंगा होत्या, आईने उकडून दिलेल्या. समोरच्या भातखाचरांवर पाऊस बारीक पडत होता आणि रस्त्यावरून क्वचित एखादा ट्रक जात होता.

"होसूरला जाणार?" तिने विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"ठरवलं नाही."

"काय अडतंय?"

तो एकच शेंग बराच वेळ सोलत राहिला. "इथे माझं काय आहे, ते बघतोय."

गौतमीने डबा त्याच्यापुढे सरकवला.

शुक्रवारी तो सातवी वस्तू घेऊन गेला. संध्याकाळी तिने बोटांवर दिवस मोजले. सात. रॅकवर त्याचा ॲल्युमिनियमचा तुकडा तेवढा उरला होता. सात गोष्टी नेल्या आणि ही ठेवली, म्हणजे नको असणार. आठवण करून देणं नियमात बसत नव्हतं. शनिवारी सकाळी भंगाराचा टेम्पो आला आणि तुकडा गेला.

दुपारी चारला कौस्तुभ आला. या वेळी कारण त्याने घरूनच लिहून आणलं होतं. 'माझं पहिलं डिझाइन. भोक मीच चुकीच्या बाजूला दाखवलं. दोनशे नग वाया गेले. नवीन काम सुरू करण्याआधी याच्याकडे एकदा बघतो.'

"हे लिहायला लाज वाटत होती," तो म्हणाला. "म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत ठेवलं."

"शेवटचा दिवस काल होता."

"गुरुवारी कारखाना बंद होता, मॅडम."

गौतमीने फलकाकडे पाहिलं. तिचंच अक्षर. सात कामाचे दिवस. स्टोअर्समधल्या पाच वर्षांत तिच्या हातून एक नटही इकडचा तिकडे झाला नव्हता.

"चला," ती म्हणाली आणि स्कूटीची किल्ली उचलली.

रत्नाबाईंचं भंगाराचं आवार पिरंगुटच्या रस्त्यावर होतं. पत्र्याच्या छपराखाली रत्नाबाई वजनकाट्याशेजारी बसल्या होत्या.

"सकाळचा माल व्हय?" त्यांनी विचारलं. "लोखंड हाय तितं. अलमिनियम दुपारीच भट्टीवर गेलं. त्ये हितं ठिवत न्हाई मी, लगीच चोरी व्हती."

तरी गौतमी ढिगाऱ्यापाशी गेली. वाकून, ओढणी खोचून पत्रे बाजूला करत राहिली. कौस्तुभने तिचा हात धरून थांबवलं.

"राहू द्या. गेलं ते."

"माझी चूक आहे."

"मोजण्यात होते कधीतरी."

"माझी होत नाही." ती सरळ उभी राहिली. हात काळे झाले होते. "गुरुवार मी कामाचा दिवस धरला."

"का?"

"तुम्ही आला होतात."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. कौस्तुभने तिचा हात अजून सोडला नव्हता — आणि तिनेही काढून घेतला नव्हता.

"चार वाजता तुम्ही येता," ती खाली बघत म्हणाली. "तो दिवस माझ्या डोक्यात सुट्टीचा राहिलाच नाही. एवढंच आहे."

"एवढंच?"

"पावणेपाच वाजलेत. तुम्हाला सरांना कळवायचंय."

"मी नाही म्हणणार आहे."

"माझ्यामुळे?"

"हो."

"मला न विचारता?"

तो हलकेच म्हणाला, "विचारतो. राहू का?"

गौतमीने मान वर केली. "तिथे प्रमुख व्हाल. इथे जयसिंग सर आणखी दहा वर्षं हलत नाहीत."

"माहीत आहे."

"मी घोटावडं सोडणार नाही. घर आहे, शेत आहे, आण्णा आहेत... आणि मला माझं काम आवडतं. पुढे कधी होसूरचं नाव काढून मला टोमणे मारलेत, तर भांडण होईल."

"लिहून देऊ?"

"तोंडी चालेल."

"नाही मारणार."

"मग राहा."

"पुन्हा एकदा म्हणा. पत्र्यावर पाऊस—"

"ऐकलंय तुम्ही."

"झालं का बोलून?" रत्नाबाईंनी काट्यापाशी बसूनच विचारलं. "न्हाई म्हंजी, सावकाश बोला. पन गाडी तेवढी वाटंतली काढा, टेम्पो यायचाय."

कौस्तुभने छपराच्या कडेला जाऊन फोन लावला. जयसिंग सर बराच वेळ बोलत होते. तो मध्येच म्हणायचा, "हो सर. विचार करूनच." गौतमी ओढणीने स्कूटीची सीट पुसत राहिली. कोरडी झाली तरी पुसत राहिली.

पाचला सहा मिनिटं कमी असताना तो परतला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पस्तावशील."

"मग?"

"मी म्हटलं, पस्तावलो का, ते उद्या संध्याकाळनंतर सांगतो. आण्णा घरी असतात ना उद्या संध्याकाळी?"

"असतात," ती म्हणाली. "पण जेवणं झाल्यावर या. उपाशीपोटी ते कुणालाच हो म्हणत नाहीत."